सेकंड हँड वॅगन बघायला गेलात की आधी गाडीच्या मागं जाऊन उभं राहा

नंदगडच्या एका सरांनी विचारलंय. घरात पाच माणसं, वडिलांच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय त्यामुळं त्यांना उंच गाडीत चढता येत नाही आणि फार खाली बसणाऱ्या गाडीतून उठता येत नाही, महिन्यातून दोनदा जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला सासुरवाडी, शिवाय गावच्या भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि टाळांची पिशवी ह्यांच्याच गाडीतून जाते. बजेट दोन लाख, वर कामाला थोडे. दोन गाड्या बघून ठेवल्यात, एक २००८ ची टाटाची इंडिगो मरीना डिझेल खानापुरातच, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, आणि दुसरी अठरा-एकोणीस वर्षांची स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी १.९ डिझेल, कोल्हापुरात, एमएच ०९. दोन्हीतली कुठली घेऊ आणि मुळात एवढी जुनी वॅगन घ्यावी का, असा प्रश्न आहे.

सर, मी बेळगावात उद्यमबागेत चोवीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि तुमची गरज वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं की ह्यांना वॅगनच पाहिजे. वॅगन म्हणजे खाली सेडान (मागं वेगळी डिकी असलेली साधी गाडी), तेच सस्पेन्शन, तीच सीटची उंची, फक्त टप मागंपर्यंत ओढलेलं आणि मागं पूर्ण दार. पखवाज गुडघ्याएवढ्या उंचीवर उचलायचा आणि आत सरकवायचा, बस. उंच गाडी घाटातल्या वळणावर डोलते आणि ते डोलणं मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेतच जातंय, चोर्ल्याला एकामागोमाग वळणं आहेत, तिथं खाली बसलेली गाडी किती शांत जाते हे एकदा बसून बघा म्हणजे कळेल.

आपल्याकडं वॅगन कधी चाललीच नाही. टाटांची इस्टेट १९९२ ला आली, पुढं मारुतीनं बलेनो अल्टुरा काढली, फियाटची सिएना वीकेंड आली, २००४ ला मरीना, आणि स्कोडाची कॉम्बी. गाड्या सगळ्या चांगल्या, पण लोक म्हणायचे अँब्युलन्ससारखी दिसते, आणि २००५ ला इनोव्हा आल्यावर मोठ्या घरांनी सात सीटच बघितल्या. त्यामुळं ह्या गाड्या थोड्याच विकल्या गेल्या, म्हणून आज स्वस्त मिळतेत, आणि नेमकी त्याच कारणानं एक मोठी अडचण आहे जी बहुतेक लोक बघतच नाहीत.

अडचण अशी. वॅगनचा पुढचा अर्धा भाग सेडानचा असतोय. इंजिन, गिअरबॉक्स, बोनेट, हेडलाइट, पुढची दारं, डॅशबोर्ड, ब्रेक, जवळजवळ सगळं सेडानचं लागतंय. मरीनाचं इंजिनचं काम इंडिका-इंडिगोवर हात बसलेला कुठलाही फिटर करेल, खानापुरात करेल, नेसरीला करेल. पण मागच्या दारापासून मागं जे काही आहे, डिकीचं दार, त्याची काच, साइडच्या लांब काचा, टेललाइट, मागचा बंपर, आतली प्लास्टिकची पॅनेलं, डिकी झाकायचा पडदा, हे फक्त वॅगनचं असतंय आणि ते आज दुकानात नाही, भंगारातसुद्धा नशिबानं मिळालं तर मिळतंय. मागची काच वाकवलेली आणि टफन केलेली असते, वर डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या रेघा, ती कुणी काचवाला कापून देऊ शकत नाही. म्हणून माझ्याकडं वॅगन दाखवायला आणली की मी बोनेट नंतर उघडतो. इंजिन खराब असलं तर पैसे लागतील पण गाडी उभी राहील. मागचं दार कुजलं असलं तर पैसे हातात घेऊनसुद्धा काही करता येत नाही.

तर मागं उभं राहून काय बघायचं ते सांगतो.

दार उघडून हात सोडा. वर थांबलं पाहिजे. हळूहळू खाली येत असेल तर गॅसचे शॉकर संपलेत, ते मात्र मिळतेत, दांड्याची लांबी आणि त्यावर छापलेला न्यूटनचा आकडा जुळवून दुसऱ्या गाडीचेही बसतेत, त्याची काळजी करू नका, पण तोपर्यंत लेकराला त्या दाराखाली उभं करू नका. मग वरच्या बिजागरीजवळ बॉडीतून दारात जाणारी रबरी नळी बघा. तिच्यातून वायरी जातेत, दार हजारो वेळा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतेत. मागचा वायपर चालत नाही, नंबर प्लेटचा लाइट लागत नाही, डीफॉगर गरम होत नाही, असं दोन-तीन एकत्र असलं की बहुधा हीच नळी. मालक म्हणतो फ्यूज गेलाय. वायरमन अर्ध्या दिवसात नवी वायर जोडून देतो, तेव्हा ह्याच्यावर गाडी नाकारू नका, भाव मात्र कमी करून घ्या.

नाकारायची ती पाण्यावर. मागच्या वायपरला पाणी नेणारा बारीक पाइप टपातून जातो, तो जुना होऊन निसटला की पाणी काचेवर जायच्या ऐवजी टपाच्या अस्तरात आणि तिथनं खाली स्टेपनीच्या खड्ड्यात. टपावरच्या कॅरियरच्या रेलचे रबर कडक झाले तरी तेच. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा, खड्ड्यात बोट फिरवा. ओल, गंजाची पापडी, किंवा नवीन मारलेलं काळं पेंट दिसलं की विचारा का मारलं. खानापूर तालुक्यात पाऊस किती पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको, चार महिने ओली राहिलेली डिकी दहा वर्षात पत्रा खाऊन टाकते. गोव्यातनं आलेली असली तर खालून चेसिसचे कोपरे, सस्पेन्शन जिथं बॉडीला धरतंय ती जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो.

डिकीच्या दाराच्या रबराचं एक वेगळंच आहे आणि हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. वॅगनचा मागचा भाग सरळ कापल्यासारखा असतो, गाडी पळताना तिथं हवेचा दाब कमी होतो आणि सायलेंसरचा धूर मागं घुटमळतो. दाराचं रबर मेलं असलं की तोच धूर आत ओढला जातो. डोकं दुखतंय, लेकराला मळमळतंय, घरचे म्हणतात घाट लागला. कधी घाट असतो, कधी धूर. शंभराची नोट रबरात धरून दार लावा आणि ओढा, सहज सरकली तर तिथं फट आहे. चारी बाजूंनी असं करा. रबर मीटरवर मिळतंय, त्याच मापाचं सोबत नेऊन घ्यायचं. धुराचा वास येत असताना गाडी चालवू नका आणि डिकीचं दार अर्धवट उघडं ठेवून लांब सामान तर कधीच नेऊ नका.

आणखी एक, वॅगन बऱ्याच लोकांनी टेम्पोसारखी वापरलेली असते. डिकीच्या साइडची प्लास्टिकं ओरबाडलेली, मागच्या सीटच्या पाठीला खड्डे, दुधाच्या कॅनचा आंबूस वास जो कितीही धुतला तरी उन्हात परत येतो. गाडी सपाट जागेवर लावा, मागच्या चाकावर टायर आणि मडगार्डमध्ये किती बोटं जातात ते दोन्ही बाजूला मोजा. रिकामी असताना मागं बसलेली दिसली की स्प्रिंगा दमल्यात.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला कोल्हापूर, सांगली, आपल्याकडं निपाणी-चिकोडीच्या नदीकाठाला काय झालं सगळ्यांनी बघितलंय, २०१९ ला तर कोल्हापूरजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. २०२० च्या सुरुवातीला माझ्या जवळच्या मित्रासाठी मी एक गाडी बघून दिली, एका विक्रेत्याकडची, इंटिरियर इतकं स्वच्छ की मी खूश झालो. पहिल्या पावसात एकेक करून सेंट्रल लॉक, मीटर, मग इंजिनचा कॉम्प्युटर. कार्पेट काढलं तर खाली गाळाचा थर. मित्राचे पैसे गेले आणि ते माझ्या शब्दावर गेले, ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो, अगदी शेवटचा वीतभर भाग कुणी धूत नाही, तिथं मातीची रेघ राहते. सीटच्या खालच्या रेलचे बोल्ट, हँडब्रेकखालचा भाग, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून वायरींच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशी. आणि जुन्या गाडीत भरपूर परफ्यूम मारलेला असेल तर खिडक्या बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करा, मग आत बसून वास घ्या.

आता तुमच्या दोन गाड्या.

कॉम्बीचं १.९ डिझेल म्हणजे ९० हॉर्सपॉवर आणि खालनंच ओढणारं इंजिन, चोर्ल्याला पाच माणसं आणि एसी लावून तिसऱ्यावर आरामात चढेल. हायवेवर तर दृष्ट लागावी अशी बसते. पण मागच्या सीटवर गुडघ्याला जागा कमी आहे, बाहेरून गाडी दिसते त्या मानानं फारच कमी, वडील पुढं बसले तरच सोय. टायमिंग बेल्ट (इंजिनचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे, पंप त्याच बेल्टवर फिरतोय, जुन्या पंपातला प्लास्टिकचा पंखा तुटतो म्हणून लोखंडी पंख्याचा घ्यायचा. खिडकीच्या काचा धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटून काच दारात पडते, जुन्या ऑक्टाव्हियाला हे नेहमीचं. इंजिनचं ऑइल चेंबर खाली आहे, तुमच्या गावच्या रस्त्याला खालून गार्ड लावल्याशिवाय फिरवू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, साध्या ऑक्टाव्हियाची डिकीसुद्धा काचेसकट वर उघडते आणि ५२८ लिटरची आहे, कॉम्बीची ५४८. सीटच्या उंचीपर्यंतच सामान भरायचं असेल तर फरक फक्त वीस लिटरचा. कॉम्बीचा खरा फायदा टपापर्यंत भरताना किंवा सीट पाडल्यावर येतो. तेव्हा कॉम्बीचं मागचं खराब निघालं तर चांगली साधी ऑक्टाव्हिया तुमची पेटी-पखवाज सहज नेईल आणि तिचे टेललाइट शोधत फिरावं लागणार नाही.

मरीना कॉम्बीच्या इंजिनाच्या मानानं दमते. १४०५ सीसीचं टर्बो डिझेल आहे, घाटात एसी बंद करून दुसऱ्यावर चढवावी लागेल, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. पण मागच्या चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतंय, मागं बसणाऱ्याला जागा ऐसपैस, आणि खड्ड्यातनं जाताना कंबरेला जो दणका बसतो तो हिच्यात कमी बसतो, अर्थात बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर, नवीन असले तर. हिचाही बेल्ट घेतल्या दिवशी बदलायचा, मालक कितीही सांगू दे की आत्ताच बदललाय. बिल दाखवलं तर ठीक. कूलंटच्या टाकीचं झाकण गार असताना उघडा, वर तेलाचा तवंग किंवा इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचं काम आहे.

मीटरवरच्या रनिंगवर दोन्हीत विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर, गिअरच्या मुठीचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेचा फोम, हे खरं रनिंग सांगतंय.

कागदाचं नीट वाचा कारण आपल्या सीमेवरच्या लोकांची हितंच फसगत होते. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू. २००८ ची मरीना म्हणजे २०२३ ला रिन्यू झालेली असली पाहिजे, आरसीवर व्हॅलिडिटीची तारीख बघा, झाली नसेल तर आधी मालकानं करून द्यावं मगच व्यवहार. १ एप्रिल २०२२ पासून ती फी कारला पाच हजार आहे आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार केलीय, म्हणजे कॉम्बी घेतलीत तर वर्ष-दोन वर्षात तुमच्यावर हा खर्च येणारच.

केए २२ ची गाडी केए २२ मध्येच राहणार, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, इन्शुरन्स, झालं. कोल्हापूरच्या गाडीला आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लोन असलं तर बँकेचं फॉर्म ३५, मग इथं नवीन नंबरासाठी फॉर्म २७ आणि वर कर्नाटकाचा लाइफ टॅक्स. तो टॅक्स तुम्ही दोन लाखाला घेतली म्हणून दोन लाखावर नसतो, गाडीच्या मूळ किमतीचा टप्पा आणि गाडीचं वय धरून बसतो, आणि कॉम्बी नवी असताना महागडी गाडी होती. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो पण एवढ्या जुन्या गाडीचं उरलेलं काय असणार. एजंटकडून आधी आकडा लिहून घ्या, मग कोल्हापूरला जा.

काहीजण सांगतील, महाराष्ट्रात चंदगडला पाहुणे आहेत ना, त्यांच्या पत्त्यावर एमएच ०९ च ठेवा, हद्दीपलीकडचं शिनोळी काय लांब आहे. नका करू. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की नवीन नंबर घ्यायलाच लागतो, कायद्यात कलम ४७ तेच आहे. आणि नाव एकाचं, पत्ता तिसरीकडं, चालवणारा वेगळाच, अशात अपघात झाला तर क्लेम अडकतो. नावावर झाल्यापासून चौदा दिवसात इन्शुरन्सही तुमच्या नावावर करून घ्या, थर्ड पार्टी आपोआप येतो पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात धरत नाहीत, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडंच राहतो.

तेव्हा माझं मत सरळ आहे, आधी मरीना बघा. मागचं दार, काच, टेललाइट आणि स्टेपनीचा खड्डा चांगला असेल तर तीच घ्या, घाटात हळू जाऊ देत. वडिलांना मागं पाय लांब करून बसता येणं हे तुमच्या घरात पिकअपपेक्षा मोठं आहे. कॉम्बी तेव्हाच, जेव्हा मरीना मागनं कुजलेली निघेल आणि टॅक्सचा आकडा धरूनसुद्धा तुमचा हिशेब बसेल.

ट्रायल गावात घेऊ नका. काकतीच्या पुढं वंटमुरी घाटापर्यंत न्या, चढाला तिसऱ्यावर पाय दाबून टेम्परेचरचा काटा बघा, उतरताना ब्रेक मारून स्टिअरिंग कुठं ओढतंय का बघा. मग मुद्दाम खराब रस्त्यावर वीसच्या स्पीडनं, रेडिओ बंद, खिडक्या बंद. टक-टक असा बारीक आवाज म्हणजे लिंक रॉड, स्वस्त. धब्ब असा जड आवाज म्हणजे लोअर आर्मचे बुश नाहीतर शॉकअप. वडिलांना सोबत न्या आणि मागच्या सीटवर अर्धा तास बसवा, बाकी कुणाचंही मत त्यांच्यापुढं चालणार नाही.

घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यात किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवा. बेल्ट, सगळी तेलं, कूलंट, ब्रेकचं तेल, मग चारी शॉकअप आणि सगळे बुश एकदम. दोन आत्ता दोन नंतर असं केलं की गाडी कधीच आरामाची होत नाही आणि मजुरी दोनदा. रबरी बुश मिळाले नाहीत तर उद्यमबागेत लेथवर करून मिळतेत, पण कडक नायलॉनचे करून घेऊ नका, आवाज आणि दणका दोन्ही आत येईल. टायरच्या साइडला चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्याचा, नक्षी कितीही दिसू दे, सहा वर्षांवरचे टायर घेऊन चोर्ला उतरू नका. ड्रायव्हर सीटचा आणि वडील बसतील त्या सीटचा फोम कुशनवाल्याकडून नवीन भरून घ्या, हे सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त सुख देणारं काम आहे. आणि पेटी-पखवाज सीटच्या पाठीपेक्षा वर रचू नका, खाली हुक असतात त्यांना दोरीनं नाहीतर जाळीनं बांधा, वॅगनमध्ये सामान आणि माणसं ह्यांच्यात भिंत नसते, जोरात ब्रेक लागला की पेटी मानेवर येते.

खानापूरच्या मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की सकाळी आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा, गरम लागलं तर का चालू केली विचारा, आणि परत दुसऱ्या दिवशी जा. रविवार असेल तर मला कळवा, मी खानापूरला येतो, गाडीखाली झोपायला एक जुनी चादर तेवढी घेऊन या.